माजोर्ड्याची भट्टी आणि आंटींची सूर

"ऊठ गो, पोदेर रावचो ना!" आंटींनी पहाटे साडेतीनला दार वाजवलं. पोदेर म्हणजे पाव भाजणारा, तो थांबणार नव्हता. हातात फडक्यानं झाकलेलं पातेलं. आत त्यांनी आदल्या संध्याकाळी सुरेत, म्हणजे माडाच्या ताडीत, मळलेली कणीक, रात्रभरात दुपटीनं फुगलेली. फडकं जरा उचललं तर ताक आणि पिकलेलं फळ यांच्या मधला एक वास आला.

दक्षिण गोव्यातल्या माजोर्ड्याला मी आले होते ती या वासासाठीच. पीठ पायानं तुडवतात म्हणून 'पाव', असं लहानपणापासून ऐकलं होतं. पण हा शब्द थेट पोर्तुगीज 'पांव'वरून आला. तो भाजणारा तो 'पादेइरू', कोकणीत पोदेर. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. हा सगळा भाताचा मुलूख, पाव फुगवायला यीस्ट कुठून आणणार? पण माड भरपूर होते, आणि माडाची सूर उतरवल्यावर काही तासांत आपोआप आंबते. तीच पिठात गेली. सासष्टी तालुक्यात जेझुइट पाद्र्यांनी हे काम आधी माजोर्ड्याच्या लोकांना शिकवलं, असं गावात अभिमानानं सांगतात.

भट्टी म्हणजे चिऱ्याचा आणि मातीचा बुटका घुमट. त्याच्या पोटातच लाकडं जळत होती. पोदेरानं निखारे ओढून बाजूला केले, ओल्या गोणपाटानं तळ पुसला, चिमूटभर पीठ आत फेकलं. ते क्षणात करपलं. तो थांबला. दुसऱ्यांदा फेकलेलं पीठ सावकाश तांबूस झालं, तेव्हा लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावरून पोय आत सरकल्या. गव्हाचा कोंडा लावलेल्या त्या चपट्या पोय दोन मिनिटांत टम्म फुगल्या. तेवढी प्रखर धग हवी ती त्यांनाच. धग जरा उतरल्यावर गोल, कडक सालीचे उंडे आणि कातरीनं कापलेले कात्रे पाव गेले, शेवटी मंद आचेवर वाळत राहायला काकणं, म्हणजे बांगडीसारखे कडक पाव. एकदा तापवलेल्या भट्टीची धग जशी उतरत जाते, तसा पावाचा क्रम लागतो. मला त्या कामातलं हे सगळ्यात सुंदर वाटलं.

आदल्या दिवशी मडगावात विजेचा ओव्हन पाहिला होता. आकडा लावला की पहिल्या तव्यापासून शेवटच्यापर्यंत तेवढीच उष्णता. रंग सारखा, धूर नाही, मध्यरात्री लाकडं ओढणं नाही. भट्टीसमोर तासभर उभं राहिल्यावर कुणी वीज निवडली तर त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

पण खरा बदल आगीत झालेला नाही, हे मला त्या पहाटे कळलं. पोदेराच्या परातीशेजारी यीस्टचं पाकीट होतं. सुरेबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "सूर खंय मेळटा आतां?" माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, आणि जी उतरते तिची फेणी केली तर पैसे जास्त. शिवाय सूर रोज वेगळी वागते. थंडीत कणीक उशिरा उठते, उन्हाळ्यात हातातून जाते. यीस्ट दोन-तीन तासांत ठरल्याप्रमाणे फुगवतं. म्हणजे ज्या पावाला आपण 'जुन्या पद्धतीचा' म्हणून कौतुकानं खातो, त्याची भट्टी जुनी आहे, पण आंबवण नवं.

आंटींचे सहा उंडे त्यानं आपल्या उंड्यांबरोबर आत टाकले. आग तीच, वेळ तीच. दोन्ही गरमागरम फोडले. त्याचा उंडा हलका, कापसासारखा, चव पिठाची आणि सालीची. आंटींचा जरा बसका, भोकं लहानमोठी, आणि घास गिळल्यावर मागून येणारा आंबटपणा, बराच वेळ टिकणारा. सुरेत यीस्टबरोबर आंबटपणा आणणारे जिवाणूही असतात आणि त्यांना रात्रभराची सवड मिळते. पाकिटातलं यीस्ट त्यांच्यासाठी थांबत नाही.

पोदेरानं आंटींच्या उंड्याचा तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला. "म्हजो पाय असोच करतालो," म्हणाला. त्याचे वडील. मग सायकलीला टोपली बांधली, वर निळं प्लास्टिक ओढलं आणि भोंगा वाजवत वाड्यावर निघाला. पूर्वी पोदेर घुंगरांची काठी आपटत यायचे, आंटी सांगत होत्या. उरलेले चार उंडे त्यांनी माझ्या पिशवीत भरले. मडगाव स्टेशनवर गाडीची वाट बघताना पिशवी उघडली, तर तोच वास.