ओल्या कचऱ्याच्या गाड्यांसाठी निधी मिळवताना

शहरातील ओला कचरा वेगळा गोळा करायचे ठरले, तेव्हा त्यासाठी लागणाऱ्या गाड्या, डबे आणि डबे उचलून रिकामे करणारी यंत्रणा यांच्या निधीचा प्रस्ताव तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. यंत्रसामग्रीची यादी करायची, दरपत्रके मागवायची आणि बेरीज करून अनुदान देणाऱ्या यंत्रणेकडे पाठवून द्यायचे, एवढेच ते काम आहे अशी माझी समजूत होती. दोन महिन्यांनी प्रस्ताव त्रुटींच्या यादीसह परत आला आणि पहिल्याच शेऱ्याने मी खजील झालो : ‘कचऱ्याचे वजन कोणत्या आधारावर गृहीत धरले आहे?’

मी वजन गृहीत धरलेच नव्हते. मिश्र कचऱ्याच्या जुन्या गाडीचे घनफळ घेऊन त्यावरून फेऱ्या काढल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्प्रिंगचा काटा घेऊन संकलनाच्या ठिकाणी गेलो आणि वीस लिटरची बादली ओल्या कचऱ्याने काठोकाठ भरून टांगली. काटा दहा किलोंच्या किंचित पुढे जाऊन थांबला. लिटरमागे अर्धा किलो धरले, तर २४० लिटरचा भरलेला डबा १२० किलोंचा होतो आणि त्यात डब्याचे स्वतःचे वजन मिळवायचे राहतेच. चाकांच्या डब्यांसाठीच्या ईएन ८४० या युरोपीय मानकात मात्र त्याच आकाराच्या डब्यासाठी ९६ किलोंचा भार धरलेला असतो. गाडीचा घोळ याहून मोठा होता. पाच घनमीटरच्या हौद्यात असा कचरा पूर्ण भरला, तर तो अडीच टन भरतो आणि आम्ही निवडलेल्या चासीची, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याची, भार वाहण्याची क्षमता होती दीड टन. म्हणजे एक तर हौदा दररोज अर्ध्याहून थोडाच अधिक भरून धावला असता, नाही तर गाडी कायम जादा भाराने धावून स्प्रिंगपाटे मोडत राहिले असते. आम्ही १२० लिटरचे डबे आणि तीन घनमीटरचा हौदा घेतला. त्यामुळे फेऱ्या वाढल्या, आणि त्यांच्यासोबत इंधनाचा व माणसांचा खर्चही वाढला.

तांत्रिक विनिर्देशांच्या बाबतीत आमच्या कार्यशाळेतील मिस्त्रींनी मला वाचवले. त्यांनी एका जुन्या गाडीच्या तळाच्या वेल्डिंगवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो सहज आरपार गेला. ओल्या कचऱ्यातून झिरपणारे पाणी आम्लधर्मी असते, साधे पोलाद ते फार दिवस सोसत नाही. त्यामुळे स्टेनलेस स्टीलचा तळ, गळतीचे पाणी साठवणारी टाकी आणि मागच्या झाकणाला रबराची पट्टी या तीन गोष्टी विनिर्देशांत अनिवार्य म्हणून घातल्या. कचरा दाबणारी यंत्रणा मात्र वगळली, कारण दाबल्यावर ओल्या कचऱ्याची जागा फारशी वाचत नाही, पाणी तेवढे जास्त निघते.

सर्वाधिक वेळ खाल्ला तो चालवण्याच्या खर्चाने. अनुदान केवळ भांडवली खर्चासाठी होते. चालकांचे वेतन, इंधन, टायर, डबे धुण्याचे पाणी हे सारे आम्हीच सोसायचे होते आणि गाड्यांच्या अपेक्षित आयुष्याइतक्या, म्हणजे आठ वर्षांच्या, खर्चाची तरतूद दाखवल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकणार नव्हता. तेव्हा मी त्या अटीवर चिडलो होतो. पण फुकट मिळालेली यंत्रे एखाद्या सुट्या भागावाचून गंजत उभी राहिलेली मीही पाहिली होती, त्यामुळे ती अट मला आज योग्यच वाटते. अखेर वार्षिक अंदाजपत्रकात देखभालीचे स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे वेगळे खाते, उघडून घेतले आणि त्यातील रक्कम अन्यत्र वळवता येणार नाही, असा ठराव प्रस्तावाला जोडला.

निधी मंजूर झाल्यावर कळले, की तो प्रतिपूर्तीचा आहे : खरेदी आधी आपल्या पैशाने करायची आणि बिले दाखवून रक्कम परत घ्यायची. ही अट पहिल्या पानावरच छापलेली होती. मी ती वाचली होती, पण तिचा अर्थ पैशांत मांडून पाहिला नव्हता. स्वहिश्शाची रक्कम बाजूला होती, परंतु पूर्ण खरेदीइतकी रोकड कोणाकडेच नव्हती. मग निविदेतच पुरवठा दोन टप्प्यांत मागितला आणि पहिल्या टप्प्याची प्रतिपूर्ती आल्यावर दुसऱ्याचे आदेश दिले. त्यात एका पुरवठादाराने दराची मुदत संपल्याचे कळवले, तेव्हा मुदतवाढीसाठी पुन्हा पत्रव्यवहार करावा लागला.

शेवटचा हप्ता अडला तो एका आकड्यापायी. निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याची हमी देणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रातील एका गाडीचा चासी क्रमांक बिलाशी जुळत नव्हता. मी कागद आणि पेन्सिल घेऊन वाहनतळावर गेलो, गाडीखाली वाकून क्रमांकावर कागद धरला, पेन्सिल घासली आणि उमटलेला ठसा प्रमाणपत्रास जोडला. चूक बिलात निघाली. ते दुरुस्त होऊन हप्ता जमा होईपर्यंत पहिल्या टप्प्यातील गाड्यांच्या झाकणांचे रबर बदलायला आले होते, आणि त्याचा खर्च देखभालीच्या त्याच लेखाशीर्षातून भागला.