वेल, फाटा आणि ऑक्टोबर छाटणी

आज सकाळची प्रार्थना घाईत उरकून निफाड तालुक्यातील मामेभावाच्या द्राक्षबागेत छाटणीसाठी पोहोचलो, आणि लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेला योहानाच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय (‘मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात’ असे येशू शिष्यांना सांगतो तो) प्रथमच हातात कात्री असताना आठवला. छाटलेली काडी जमिनीवर पडल्यावरही बराच वेळ हिरवी दिसते. ती वेलीपासून तुटली आहे, हे वरवर पाहून कळत नाही. माझी अवस्था अनेकदा अशीच असते, आणि उपासनेतील नियमित हजेरी तिच्यावर उत्तम पांघरूण घालते.

त्या अध्यायाच्या मूळ ग्रीक पाठात फाटा छाटणे आणि शिष्यांचे शुद्ध असणे यांसाठी एकाच मुळाचे शब्द आहेत, हे मला आजवर केवळ माहितीपुरते ठाऊक होते. दुपारी ओळींच्या हिशेबावरून एका वयस्कर मजूर बाईंवर माझा आवाज चढला (चूक माझीच होती, एक ओळ मी मोजलीच नव्हती), तेव्हा कात्री नेमकी कुठे लागते ते समजले. मी क्षमा मागितली; ‘राहू द्या दादा’ म्हणत त्यांनी पुढची ओळ धरली.

प्रेषित पौल बायबलमधील आपल्या पत्रांत वारंवार ‘ख्रिस्ताच्या ठायी’ असे लिहितो. ख्रिस्ताशी असलेल्या त्या ऐक्याला मी फार काळ ध्यानातील एखादी उत्कट अवस्था समजत आलो. परंतु फाटा रस ओढण्यासाठी निराळी खटपट करत नाही, तो जोडलेला राहतो, इतकेच. संध्याकाळी मजुरी चुकती करण्यापूर्वी ओळी दोनदा मोजल्या, आणि मोजताना मनात जी प्रार्थना चालू होती, ती सकाळच्या प्रार्थनेपेक्षा बरीच खरी होती.