तुम्ही विचारलंत म्हणून: दुःखात देव जवळ येतो का?

आमचे हे गेल्यापासून हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. चर्चच्या मंडळीतल्या भगिनी म्हणतात, "ताई, एवढ्या दुःखातून गेलात, प्रभू किती जवळ वाटला असेल ना?" बिल्डिंगमधल्या मैत्रिणी म्हणतात, "एवढं होऊनही चर्चला कशा जाता?" पहिल्या प्रश्नात उत्तर आधीच भरून दिलेलं असतं, म्हणून मला दुसरा जास्त आवडतो. पण उत्तर दोघींना एकच.

ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. सुया, पथ्य, खर्च, सगळं हळूहळू अंगवळणी पडतं. तहान पडत नाही. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठायचं. पाय सुजायचे, धाप लागायची, आणि पुढच्या खेपेला वजनकाट्यावर चोरी पकडली जायची. चहातलं, आमटीतलं, गोळी गिळायचं, सगळं पाणी मोजून दिवसाला लिटरच्या आत. मे महिन्यात मी बर्फाचा एकेक खडा वाटीत घालून द्यायचे. तो गालात धरून हे डोळे मिटून बसायचे, आणि मी आत जाऊन, आवाज होऊ न देता पाणी प्यायचे.

तेव्हा देव जवळ वाटला का? बराच काळ नाही. प्रार्थनेला बसायचे आणि मनात औषधांचा हिशेब चालू व्हायचा. भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी म्हणे परीक्षा आहे, कुणी म्हणे विश्वास कमी पडतोय. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाला भेटायला आलेले मित्र निदान पहिले सात दिवस तरी गप्प बसले होते.

मग एका उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची गोष्ट. आमच्याकडे त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते आणि येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाचवा उद्गार, "मला तहान लागली आहे." वक्ते रंगून सांगत होते की ही तहान शरीराची नव्हे, आत्म्यांच्या तारणाची. शेजारून हे हळूच म्हणाले, "पाण्याचीच होती."

मला हसू आलं आणि रडूही. खरंच, फटके खाऊन रक्त गेलेलं, घशाला कोरड, आणि ओठांना काय लावलं, तर आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात बुडवलेला स्पंज. त्या माणसाला ह्यांची तहान समजावून सांगावी लागणार नव्हती. तुम्ही जवळीक म्हणता ती मला इथे सापडली. त्यानंतर तहान कमी झाली नाही, आजारही हटला नाही. फक्त प्रार्थनेतला सभ्यपणा गेला. डायलिसिसच्या खाटेशी बसून मी ह्यांना बायबलमधलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून दाखवायचे. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. पण तक्रार सगळी देवाच्याच तोंडावर केलेली आहे. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून पुन्हा पुन्हा विनवलं होतं. टळला नाही. म्हणून मागण्याला अविश्वास म्हणणाऱ्यांचं मी ऐकणं सोडलं.

पण म्हणून दुःख चांगलं, असं माझ्याकडून वदवून घेऊ नका. इथे हटकून पंडिता रमाबाईंचं उदाहरण येतं. त्यांनी तरुणपणी दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई, बहीण गमावली. पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच 1882 मध्ये नवरा. बाप्तिस्मा झाला 1883 मध्ये. सोसलं म्हणून ख्रिस्त मिळाला, असं सरळ गणित लोक यातून मांडतात. मला त्यांच्या चरित्रातली पुढची गोष्ट मोलाची वाटते. 1897 च्या सुमारास दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली त्यांनी आणल्या, त्यांच्यासाठी केडगावला घर उभं केलं आणि त्यांना जेवू घातलं. उपाशी पोरींना भुकेचं आत्मिक मोल शिकवत बसल्या नाहीत, कारण भूक काय असते ते त्यांना ठाऊक होतं.

मी चर्चला जाते, कारण मनातलं सगळं वाट्टेल त्या शब्दांत बोलता येईल असं माझ्याकडे आता दुसरं कुणी नाही. हे होते तेव्हा ह्यांच्याशी बोलायचे.

यंदा पाचव्या उद्गारावर बोलायला पाळकसाहेबांनी मलाच सांगितलं. मी पाण्यावर बोलले, बर्फाच्या खड्यावर बोलले. उपासना सुटल्यावर एका ज्येष्ठांनी टोकलंच, "ताई, आत्मिक अर्थ राहिला की!"

म्हटलं, राहू द्या, पुढच्या वर्षीचे वक्ते सांगतील.