पाच क्रमांकाची डिस्क निर्दोष निघाली : ५२० बाइटच्या गठ्ठ्याची पुढची नोंद

काल पहाटे पाच क्रमांकाच्या डिस्कचे फॉरमॅटिंग शंभर टक्क्यांवर पोहोचले आणि डिस्कची मापे सांगणाऱ्या 'एसजी-रिडकॅप' या आज्ञेने सेक्टरची, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या एका कप्पीची, लांबी ५१२ बाइट दाखवली. मागच्या नोंदीत मी हीच डिस्क बाद करण्याच्या गोष्टी लिहिल्या होत्या, त्या आता मागे घेतो. तीन आठवड्यांत चार वेळा अर्ध्यावर बंद पडलेल्या या डिस्कमध्ये मुळात कसलाही बिघाड नव्हता. दोष कुठे होता हे सापडले, त्यासाठी ही नोंद लिहीत आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पेटीत तोच दोष आत्ताही बसलेला असण्याची शक्यता आहे.

गठ्ठा तोच आहे, मोडीत काढलेल्या साठवण-पेटीतून आलेल्या ४ टीबीच्या आठ सॅस (सर्व्हरमध्ये वापरतात त्या जोडणीच्या) डिस्कचा. त्या ५२० बाइटच्या सेक्टरवर बांधलेल्या असल्यामुळे लिनक्सच्या कर्नलने 'सेक्टरचा हा आकार चालत नाही' असे सांगून त्यांची क्षमता शून्य दाखवली होती. डिस्क म्हणून त्या वापरता येत नसल्या तरी एसजीच्या, म्हणजे डिस्कला थेट आज्ञा पाठवण्याच्या, वाटेने त्यांच्याशी बोलता येते आणि 'एसजी-फॉरमॅट'ला ५१२ हा आकार देऊन त्यांची पुनर्बांधणी करता येते, हे आपण मागे पाहिले आहे. एकदा आज्ञा दिली की पुढचे सगळे काम डिस्क स्वतःच करते. माझ्याकडे एका डिस्कला साडेसात ते आठ तास लागतात. तेवढ्या वेळात संगणक निजू देऊ नये, कारण डिस्कची वीज क्षणभरही हलता कामा नये. मध्ये खंड पडला तर डिस्क 'माध्यमाची बांधणी बिघडलेली आहे' एवढेच सांगत राहते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज गुरुवारी जाते, म्हणून बुधवारी रात्री मी कोणतीही डिस्क लावत नाही.

एक क्रमांकाची डिस्क एकटीच जोडून मी सुरळीत पार पाडली होती. वेळ वाचावा म्हणून त्यानंतर दोन ते पाच क्रमांकाच्या चार डिस्क एकदम लावल्या. दोन आणि चार क्रमांकाच्या नीट झाल्या. तीन क्रमांकाचे काय झाले ते पुढे सांगतो. पाच क्रमांकाची २७ टक्क्यांवर थांबली. पुन्हा लावली तेव्हा ४१ टक्क्यांवर थांबली, तिसऱ्यांदा ६३ वर आणि चौथ्यांदा ३८ वर. तबकडीवरची एखादी जागा खराब असती, तर ती दरवेळी साधारण त्याच टक्क्यावर अडायला हवी होती. आकडे असे विखुरलेले आहेत याचा अर्थ अडचण तबकडीत नाही, हे मला दुसऱ्याच रात्री कळायला हवे होते. डिस्कच्या स्वतःच्या नोंदीतही नव्या दोषांची संख्या शून्य होती. तरीही मी तिच्यावर संशय धरून राहिलो.

मग मी एकेक भाग बदलत गेलो. सर्वांत आधी संशय घेतला तो डिस्क संगणकाला जोडणाऱ्या कार्डावर. एलएसआय ९२११-८आय हे कार्ड सर्व्हरच्या पेटीतील जोरदार वाऱ्याच्या भरवशावर बनवलेले असते. घरच्या पेटीत तो वारा नसतो आणि सॅस २००८ या चिपवरची उष्णतावाहक पेस्ट इतक्या वर्षांत खडूसारखी कोरडी झालेली असते. ती खरवडून नवी लावली आणि उष्णताशोषकावर ४० मिलिमीटरचा पंखा बसवला. कार्ड गार झाले, पण डिस्क ३८ टक्क्यांवर थांबली ती त्यानंतरच. कार्डाचे फर्मवेअर आयटी मोडचे (डिस्क जशाच्या तशा संगणकाला दाखवणारे) आणि २०.००.०७.०० हेच आहे याची पुन्हा खात्री केली, कारण पी-२० मालिकेतील सुरुवातीच्या आवृत्त्यांचा अनेकांना त्रास झालेला आहे. एसएफएफ-८०८७ ची माहितीची केबलही बदलून पाहिली. फरक पडला नाही.

उत्तर कर्नलच्या नोंदीत पहिल्या रात्रीपासून होते. प्रत्येक वेळी फॉरमॅटिंग थांबण्याच्या सुमारास 'वीज नव्याने आली किंवा उपकरण रीसेट झाले' या अर्थाची एक ओळ येत असे. कार्डाने गोंधळून डिस्कला रीसेट केले असावे, असा अर्थ मी तिचा लावला होता. मात्र त्या ओळीत वीज हा शब्दही आहे, याकडे माझे लक्ष गेले नाही.

गाठ सुटली ती जागांची अदलाबदल केल्यावर. पिंजऱ्यातील डिस्क माझ्याकडे क्रमाने बसवलेल्या असल्यामुळे पाच क्रमांकाची डिस्क प्रत्येक वेळी चौथ्या, म्हणजे शेवटच्या कप्प्यात जात होती. माझी वहीसुद्धा डिस्कच्या क्रमांकाने लिहिलेली होती, कप्प्याचा रकाना तिच्यात नव्हताच. शुक्रवारी रात्री मी पाच क्रमांकाची डिस्क पहिल्या कप्प्यात आणि अजून हात न लावलेली सहा क्रमांकाची डिस्क शेवटच्या कप्प्यात बसवली. मधल्या दोन कप्प्यांत सात आणि आठ होत्या. सहा क्रमांकाची ३३ टक्क्यांवर थांबली आणि पाच क्रमांकाची पुढे चालत राहिली. त्या क्षणी झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे, कारण तीन आठवड्यांचा प्रश्न डिस्क सोडून पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात येऊन बसला होता.

फॉरमॅटिंग सुरू असतानाच मल्टिमीटरच्या टोकाला शिवणकामाची बारीक सुई बांधली आणि प्रत्येक मोलेक्सच्या, म्हणजे विजेच्या चार पिनांच्या जोडाच्या, मागून लाल तारेला लावून ५ व्होल्टची रेषा मोजली. एसएमपीएसच्या (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीच्या) तोंडाशी ५.०६ व्होल्ट होते. पहिल्या कप्प्यापाशी ४.९१, तिसऱ्यापाशी ४.८० आणि चौथ्यापाशी ४.६३ मिळाले. पाच टक्के सवलत धरली तरी डिस्कला किमान ४.७५ व्होल्ट मिळायला हवेत. तिसऱ्या आणि चौथ्या कप्प्यांच्या मधल्या एकाच जोडावर ०.१७ व्होल्ट गळत होते. लिहिण्याचे काम चालू असताना एक डिस्क या रेषेवरून साधारण ०.९ अँपिअर घेते, म्हणजे त्या जोडाचा रोध ०.१९ ओहमच्या आसपास भरतो. जिथे फार तर काही मिलिओहम असायला हवेत, तिथे हा आकडा प्रचंड आहे. डिस्क एकटी चालवली की संपूर्ण साखळीतून एकाच डिस्कचा प्रवाह जातो, शेवटच्या कप्प्यापाशीही ४.८ व्होल्ट टिकतात आणि चाचणी उत्तीर्ण होते. माझ्या सगळ्या सुट्या चाचण्या निर्दोष निघण्याचे कारण हेच होते.

तो जोड मी उघडून पाहिला. एका जोडाची वीज अनेक डिस्कना वाटणाऱ्या स्प्लिटरच्या पांढऱ्या प्लॅस्टिकमधून लाल तारेची मादी पिन चिमट्याने बाहेर काढली. तिची नळी गोल राहिलेली नव्हती, शिवणीपाशी फाकून तिच्या दोन्ही कडा कण्हेरीच्या शेंगेसारख्या उघडल्या होत्या. आतला मुलामा एका बाजूलाच घासलेला होता आणि दुसरी बाजू काळपट पडली होती. म्हणजे नराची पिन एका रेषेपुरतीच टेकत होती. तार पिनेत नीट दाबलेलीही नव्हती. सात धाग्यांपैकी तीन बाहेर राहिले होते. हा स्प्लिटर मी एका दुकानातून स्वस्त मिळाला म्हणून घेतला होता. यापुढे डिस्कच्या विजेसाठी तयार स्प्लिटर वापरायचे नाहीत, असे मी ठरवले आहे. साचा ओतून बंद केलेल्या जोडांत तर आत काय आहे हे पाहताही येत नाही.

तीन क्रमांकाच्या डिस्कचा या दोषाशी संबंध नव्हता. तिच्या नव्या दोषांची यादी प्रत्येक वाचनागणिक वाढत होती आणि शेवटी ती १,८०० च्या पुढे गेली. ती डिस्क मी उघडली. टी-८ चा टॉर्क्स पेचकस लागतो आणि एक स्क्रू लेबलाखाली लपलेला असतो, तो बोटाने दाबून शोधावा लागतो. आत पाच तबकड्या होत्या. वरून तिसऱ्या तबकडीवर, कडेपासून करंगळीच्या रुंदीएवढ्या आत, केसासारखे बारीक पूर्ण वर्तुळ ओढलेले होते. हवा गाळणारी छोटी पांढरी गादी राखाडी झाली होती, म्हणजे खरवडलेली भुकटी तिथे जमली होती. डिस्कवरची जुन्या मालकाची माहिती फॉरमॅटिंगने पूर्ण पुसली गेली याची खात्री देता येत नाही, म्हणून पाचही तबकड्यांना ड्रिलने आरपार भोके पाडली. या तबकड्या ॲल्युमिनियमच्या असल्यामुळे ते सहज जमते. लॅपटॉपच्या डिस्कमधील तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि फुटून त्यांचे तुकडे उडतात, तेव्हा तिथे हा प्रयोग करू नये. दोन निओडिमियम चुंबक जपून काढून ठेवले. ते एकमेकांजवळ नेताना मध्ये लाकडी पट्टी ठेवावी, कातडी सापडली तर रक्त साकळते. सर्किट-पट्टी नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाईल.

सात आणि आठ क्रमांकांचे वागणे थोडे वेगळे होते. शुक्रवारच्या फेरीनंतर त्यांचा सेक्टर ५१२ बाइटचा झाला, पण माहितीतील चूक पकडणारे टाइप-२ संरक्षण चालूच राहिले. या पद्धतीत ५१२ बाइटच्या पाठीला ८ बाइट जोडलेले असतात, त्यांपैकी २ बाइट सीआरसीचे (पडताळणीच्या आकड्याचे), २ वापरकर्त्या प्रणालीच्या खुणेचे आणि ४ सेक्टरच्या ठिकाणाचे. मूळ पेटीला ते उपयोगी होते, मला त्यांची गरज नाही. फॉरमॅटच्या आज्ञेत संरक्षणाचे मूल्य शून्य असावे लागते. माझ्या आज्ञेत ते तसे नव्हते, म्हणून त्या दोघींना पुन्हा आठ-आठ तास द्यावे लागले. सहा क्रमांकाचीही दुसरी फेरी त्यांच्याबरोबरच, थेट जोडावर, नीट पार पडली.

दुरुस्तीला घेतलेल्या नेटवर्क स्विचबद्दल थोडक्यात सांगतो. २४ पोर्टचा गिगाबिट स्विच सुरू होताच पुन्हा पुन्हा नव्याने बूट होत होता. ९६०० बॉडवर कन्सोल लावला तर प्रत्येक वेळी वेगळ्याच ओळीवर तुटत होता. वीजपुरवठ्याच्या पट्टीवर १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे दोन कपॅसिटर माथ्यावर फुगलेले दिसले. त्यांच्या जागी १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे (आतल्या रोधाचे) नवे बसवले आणि स्विच तीन दिवसांपासून अखंड चालू आहे. नवे कपॅसिटर बसवण्याआधी ईएसआर मोजून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. नामांकित जपानी कंपन्यांची नावे छापलेला नकली माल बाजारात आहे आणि माझ्या आधीच्या पाकिटातील दहापैकी चार कपॅसिटर मोजणीत नापास झाले होते. सोल्डरिंगसाठी मात्र माझी २५ वॉटची सोल्ड्रॉनची काडी पुरेशी ठरली. जाड भू-पट्ट्यावरचे पाय सुटायला ती वेळ घेते, पण त्यावर थोडे नवे सोल्डर चढवून मग पंप लावला की काम होते.

आता योजनेविषयी. आठही डिस्कचा एकच रेड-झेड-२ संच (दोन डिस्क बिघडल्या तरी माहिती वाचवणारी मांडणी) करण्याचा विचार मी सोडला आहे. हाताशी सात डिस्क आहेत, त्यांपैकी सहांचा संच होईल, म्हणजे दोन डिस्कची जागा सुरक्षेला जाऊन १६ टीबी उरतील आणि सातवी डिस्क राखीव राहील. विजेसाठी पुण्याच्या तपकीर गल्लीतील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून मोलेक्सच्या सुट्या पिना, घरे आणि १८ गेजची तार आणली आहे. पिना क्रिम्प करण्याचा चिमटा एका मित्राकडून मिळाला आहे. हे लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. नवी साखळी कितीही चांगली बनवली, तरी सहा डिस्कचा भार एकाच निर्गमावर टाकण्याचे कारण नाही. माझ्या मॉड्युलर एसएमपीएसला मोलेक्सचे तीन निर्गम आहेत आणि तिसरा आजवर रिकामाच आहे. तेव्हा प्रत्येक निर्गमावर दोनच डिस्क ठेवायच्या आणि स्प्लिटर पूर्णपणे काढून टाकायचे. यात एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. मॉड्युलर एसएमपीएसच्या बाजूच्या सॉकेटमधील तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचाही वेगळा असतो. दुसऱ्याची केबल त्यात बसते, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन सर्व डिस्क एका क्षणात जळू शकतात. म्हणून नवी केबल जोडल्यावर डिस्क लावण्याआधी प्रत्येक टोक मी मोजणार आहे.

सुरुवातीच्या प्रवाहाचाही प्रश्न आहे. तबकड्या फिरायला लागताना एक डिस्क १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर खेचते. सहा डिस्क एकदम सुरू झाल्या तर ते १२ अँपिअर होतात. सॅस कार्ड डिस्कना एकामागून एक सुरू करू शकते, ती सोय कार्डाच्या मांडणीत चालू करून पाहणार आहे. आतापर्यंत ती अनावश्यक वाटत होती, पण चौथ्या कप्प्यापाशी ४.६३ हा आकडा पाहिल्यापासून मत बदलले आहे.

वहीत आता कप्पा, निर्गम आणि भाराखालचे व्होल्टेज असे तीन नवे रकाने आखले आहेत. पुढची फेरी खराब जागा शोधणाऱ्या 'बॅडब्लॉक्स' या आज्ञेची. चार वेगवेगळ्या नमुन्यांनी संपूर्ण डिस्क लिहून परत वाचायची म्हटले की प्रत्येक डिस्कला साधारण ६० तास लागतात. सहा डिस्क एकाच वेळी चालवल्या तर नव्या वायरिंगचीही कसोटी त्यातच होईल. शुक्रवारी सकाळी वीज स्थिर झाली की सुरुवात करणार आहे, आणि पहिले बारा तास दर तासाला सहाही डिस्कपाशी ५ आणि १२ व्होल्टच्या दोन्ही रेषा मोजून आकडे पुढच्या नोंदीत देईन.