तुम्ही विचारलंत म्हणून: बासरीच्या टोकाला ती डबी कशाला?

ठाण्यात कुठेही वाजवलं की कार्यक्रमानंतर कोणीतरी पुढे येऊन बासरीच्या टोकाकडे बोट दाखवतं. "ताई, ही डबी कसली? एकोच हवा तर पेडल का नाही घेत?" परवा गोखले रोडवर भाजी घेतानासुद्धा एका काकांनी हेच विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

पेडलला पाय मोकळा लागतो. गिटारवाला उभा असतो, त्याचं जमतं. मी मांडी घालून बसते. बोटं भोकांवर, फुंक बासरीत, पाय मांडीत. मग उरते ती बासरीची हालचाल.

डबीत दोन सेन्सर आहेत. ॲक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षणामुळे बासरी किती कलली ते कळतं, पण जरा धक्का लागला की तो गोंधळतो. जायरोस्कोप फिरण्याचा वेग मोजतो. तो धक्क्याला दाद देत नाही, पण त्यावरून काढलेला कोन हळूहळू सरकत जातो. दोघांचा मेळ घालून कोन काढायचा, त्याचे मिडीचे (वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात ती आकड्यांची भाषा) 0 ते 127 आकडे करायचे आणि लॅपटॉपमधल्या एकोला जोडायचे. टोक खाली गेलं की एको वाढतो, वर घेतलं की नुसती बासरी.

हालचालीने आवाज बदलणं, यात नवं काही नाही. रशियाच्या लेव तेरमेन यांनी 1920च्या सुमारास थेरेमिन हे विजेवर चालणारं वाद्य बनवलं. ते हात न लावताच वाजवतात, एका हाताने सूर, दुसऱ्याने आवाज कमी-जास्त.

माझे महिने गेले ते हालचाल निवडण्यात. आधी सेन्सर केसांच्या पट्ट्यावर लावला. पण समेवर मान हलतेच, दर समेला एको उसळायचा. मग बासरी आत-बाहेर वळवून पाहिली. तेही सोडलं, कारण तशी वळवली की फुंकेचा कोन बदलतो आणि सूर चढतो-उतरतो. ते वळणं सुराचं आहे, तिथे दुसरं काही बांधायचं नाही. शेवटी राहिलं टोकाचं वर-खाली होणं. त्यातही पहिले दहा अंश रिकामे ठेवलेत. श्वास घेताना टोक तेवढं हलतं.

टोक हलल्यापासून एको बदलेपर्यंतच्या उशिराचंही बघावं लागतं. आकडे थरथरू नयेत म्हणून जितके गुळगुळीत करावे, तितका उशीर वाढतो. 10 मिलिसेकंदांत आवाज हवेत साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणजे तबलजी तेवढा लांब बसल्यासारखं. आलापात याहून थोडा जास्त उशीरही चालून जातो, पण तानेआधी एको मिटायला हवा असेल तेव्हा नाही. म्हणून ब्लूटूथ सोडून बारीक वायर घेतली.

एकदा नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये तीच वायर निसटली. एको पूर्ण उघडा अडकला आणि द्रुत लयीतल्या ताना एकमेकींत मिसळून चिखल झाला. समोर माझ्या गुरूंच्या वयाची माणसं बसली होती, फार वाईट वाटलं. आता डबीकडून अर्धा सेकंद काही आलं नाही तर एको आपोआप शून्यावर उतरतो.

रियाज मात्र डबी काढूनच करते. बासरीचा तोल तिच्या वजनाने बदलतो आणि ओठांना ते लगेच कळतं.

यमनच्या आलापात मंद्र निषादावरून षड्जावर आले की टोक हळूच खाली नेते. फुंक थांबते, षड्ज मागच्या भिंतीपाशी थोडा वेळ राहतो, आणि तो विरताना तानपुरा पुन्हा ऐकू येतो. तेवढ्यासाठी बांधते ती डबी.