जुन्या गेम्सचा संच: लगोरी पळाली, साप-मुंगूस पळाला, भेळ अजून कालवतोय

मंडळी, संचाचं काम बऱ्यापैकी पुढे सरकलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, शाळा-कॉलेजात असताना घरी बसून बनवलेले माझे गेम्स, क्यूबेसिक (डॉसवरची प्रोग्रामिंगची भाषा) पासून फ्लॅश (ब्राउझरमध्ये गेम चालवायचं जुनं तंत्र) पर्यंतचे, एकाच लाँचरमधून खेळता येतील असे एकत्र करतोय, फुकट, ज्याला हवे त्याने उतरवून घ्यावेत. नियम एकच ठेवलाय आणि त्यावरून मित्र भांडतात माझ्याशी: गेमला हात लावायचा नाही. सोर्स (मूळ कोड) बदलायचा नाही, एक्झी (चालणारी फाईल) पॅच करायची नाही, जो काय जुगाड करायचा तो बाहेर, मशीनच्या बाजूला. गेम तेव्हा रद्दड होता तर आत्ताही रद्दडच दिसू दे. पण मग वेग, स्क्रीनचा आकार, फॉन्ट ह्या गोष्टी गेमच्या म्हणायच्या का मशीनच्या? सगळा वेळ त्यातच जातोय.

सगळ्यात जुनी लगोरी. क्यूबेसिक, स्क्रीन १३, म्हणजे ३२० बाय २०० आणि २५६ रंग. क्यूबेसिक १९९१ च्या डॉस ५ पासून सोबतच यायचं आणि त्यात गोरिला आणि निबल्स हे दोन गेम सोर्ससकट असायचे, आमच्यातल्या कितीतरी जणांचं प्रोग्रामिंग गोरिलाने फेकलेल्या केळ्याशी खेळतच सुरू झालं. लगोरीतला चेंडू ज्या गणिताने उडतो तेही तिथलंच.

आता वेगाचं. त्या काळी थांबायचं म्हणजे रिकामा फॉर-नेक्स्ट लूप, एक ते पाच हजार मोज आणि पुढे जा. ४८६ वर (तेव्हाचा प्रोसेसर) त्याने छान वेग यायचा, आज डॉसबॉक्सला (जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) मॅक्स सायकल्स (नकली प्रोसेसर किती पळवायचा तो आकडा) दिल्या तर चेंडू दिसतच नाही, डायरेक्ट फुटलेली लगोरी दिसते. ४८६ डीएक्स२-६६ साठी लोक साधारण २५ हजार सायकल्स सांगतात, तिथून सुरुवात केली, पण खरा वेग कुठला हे ठरवणार कसं, सोर्समध्ये तो लिहिलेलाच नाही, तो मशीनमध्ये होता आणि मशीन कधीच भंगारात गेलं.

धागा सापडला तो म्युझिकमध्ये! क्यूबेसिकच्या प्ले कमांडमध्ये एमबी (म्युझिक बॅकग्राउंड) टाकलं की स्वर मागच्या मागे बफरमधून वाजतात आणि त्यांची लय टायमरवर चालते, प्रोसेसर कितीही पळू दे नाहीतर रांगू दे. आणि लगोरी रचली जाते तिथे मी ट्यून अशी बसवलेली की सातवा दगड टेकला की शेवटचा स्वर संपणार. म्हणजे गेममध्येच घड्याळ पडलेलं होतं की राव. सायकल्स खालीवर करत बसलो आणि दगड आणि स्वर जिथे एकत्र संपले तो आकडा लाँचरमध्ये पक्का केला. सुरुवातीला घेतलेल्या २५ हजारांपेक्षा बराच खाली निघाला. ज्यांच्याकडे असे रिकाम्या लूपवाले गेम आहेत त्यांनी आधी त्यात कुठे आवाज वाजतो का ते बघा, माझ्या मते जुन्या मशीनच्या आठवणीपेक्षा हा पुरावा जास्त भरवशाचा, आठवणीत सगळंच फास्ट असतं.

चेंडूचा आकार हे वेगळंच प्रकरण. आजच्या स्क्रीनवर तो दाबलेल्या लिंबासारखा दिसत होता. कारण असं की स्क्रीन १३ चे पिक्सेल चौकोनी नाहीत, ३२० बाय २०० चं चित्र ४:३ च्या मॉनिटरवर ताणलं जायचं म्हणून प्रत्येक पिक्सेल रुंदीपेक्षा १.२ पट उंच, आणि क्यूबेसिकची सर्कल कमांड हे गृहीत धरूनच गोल काढते. चौकोनी पिक्सेलवर दाखवला की गोल चपटा होणारच. डॉसबॉक्समध्ये अ‍ॅस्पेक्ट ट्रू केलं की सुटतं, फक्त पिक्सेल सगळे सारखे हवे असतील तर पूर्ण पटीत मोठं करावं लागतं, ५ पट रुंद आणि ६ पट उंच, म्हणजे १६०० बाय १२००, आणि १०८० च्या मॉनिटरवर ते मावत नाही. तिथे शेडर (चित्र दाखवताना त्यावर बदल करणारा छोटा प्रोग्राम) लावून कडा किंचित मऊ केल्यात. काही जणांना हे पटणार नाही, मला चपटा चेंडू पटत नाही.

साप-मुंगूस टर्बो सी++ मधला. ६४ बिट विंडोजवर १६ बिट एक्झी चालतच नाही त्यामुळे इथेही डॉसबॉक्स. गेमला ईजीएव्हीजीए नावाची बीजीआय फाईल (ग्राफिक्सचा ड्रायव्हर) लागते आणि ती कुठे शोधायची तो पत्ता एक्झीतच कोरलेला: सी ड्राइव्ह, टीसी, बीजीआय. आपल्याकडच्या डिप्लोमावाल्याला झोपेतून उठवून विचारा, इनिटग्राफच्या (ग्राफिक्स सुरू करणारी कमांड) तिसऱ्या जागी काय लिहायचं, दोन दोन बॅकस्लॅशसकट म्हणून दाखवेल. सोर्स आहे, ड्रायव्हर आतच लिंक करून नवी एक्झी करता आली असती, पण नियम तो नियम, म्हणून डॉसबॉक्सच्या सी मध्ये टीसीचं नुसतं सांगाड्यापुरतं फोल्डर ठेवलं, आत ती एकच फाईल. चाललं. मुंगूस गवतावरून जाताना हिरवा-जांभळा होतो तो बग नाही हं, एक्सॉर पुटइमेज आहे, तेच चित्र त्याच जागी दुसऱ्यांदा काढलं की पुसलं जातं, मागचं गवत वेगळं जपून ठेवायला नको. ६४० बाय ४८० मध्ये बीजीआय एकच पेज देतं, मागच्या पेजवर काढून पुढे आणायची सोय नाही, त्यामुळे लुकलुक आहे ती आहे. ती मी गेमचीच धरलीय.

(कॉलेजच्या लॅबमधून आलेल्या जुन्या पेनड्राइव्हवर फोल्डरचा आयकॉन लावून बसलेल्या व्हायरसच्या एक्झी अजून जिवंत आहेत. काढताना जपून.)

आता शब्दांची भेळ. व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) मधला मराठी शब्दांचा गेम, अक्षरं कालवून द्यायची आणि खेळणाऱ्याने शब्द लावायचा. ह्याने डोकं खाल्लंय. व्हीबी ६ ची साधी लेबलं आणि बटणं युनिकोडवाली नाहीत, तेव्हा मराठी दाखवायचं म्हणजे सीडॅक ह्या सरकारी संस्थेच्या सुरेखसारखा फॉन्ट लावायचा, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. फॉन्ट मशीनवर नसेल तर मजकुराच्या जागी नुसता कचरा. आणि तो फॉन्ट संचात घालून वाटायचा हक्क मला नाही. शब्दयादी युनिकोड करावी तर व्हीबीच्या लेबलात सगळी प्रश्नचिन्हं येतात, म्हणजे गेम नव्याने लिहिणं आलं, ते नको.

म्हणून सध्या जे करतोय ते असं: मुक्ता फॉन्ट ओपन लायसन्सचा आहे, 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा, त्यातले आकार घेऊन फॉन्टफोर्जमध्ये (फॉन्ट बनवायचा प्रोग्राम) जुन्या फॉन्टच्या जागांवर एकेक बसवायचे, त्याला आपलं वेगळंच नाव द्यायचं, आणि मग वाइनच्या (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) रजिस्ट्रीत फॉन्ट रिप्लेसमेंट लावायची की गेमने सुरेख मागितला की हा दे. गेमला पत्ताच लागत नाही! अक्षरं, काना, मात्रा बसलेत, पहिल्या दोन पातळ्या वाचता येतात. अडकलंय ते जोडाक्षरांवर, अर्धा श, श्र, क्ष, आणि आपला ऱ्या-ऱ्हा मधला र. मुक्तामध्ये वेलांटीचे वेगवेगळ्या रुंदीचे प्रकार आहेत, जुन्या फॉन्टमध्ये मोजकेच, त्यामुळे 'स्थिती' लिहिलं की वेलांटीची टोपी भलतीकडेच टेकते. हे हाताने सरकवत बसण्याशिवाय इलाज दिसत नाही.

शब्दयादी संचातल्या माहितीच्या पानांसाठी मात्र युनिकोडमध्ये केली. जुन्या फॉन्टमध्ये ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची कारण दिसते तशी, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर, आणि रफाराचं बरोबर उलटं, तो जुन्यात शेवटी आणि युनिकोडमध्ये सगळ्यात आधी. छोटी स्क्रिप्ट पुरली, फक्त वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यायची, अर्ध्या अक्षराशी थांबायचं नाही.

फ्लॅशवाला 'एसटी घाटात' त्यामानाने फुकटात सुटला. फ्लॅशचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि त्यानंतर १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयर स्वतःच काही चालवेना, पण रफलमध्ये (फ्लॅश प्लेयरची नक्कल करणारा प्रोग्राम) अ‍ॅक्शनस्क्रिप्ट २ (फ्लॅशची भाषा) मस्त चालतं. शेवटी स्कोअर ज्या सर्व्हरला जायचा तो केव्हाच गेलाय, म्हणून लाँचर त्या पत्त्याची विनंती अडवून जुन्याच साच्यातलं उत्तर परत देतो, यादीत तुमचा एकट्याचा पहिला नंबर.

फ्लॉप्या अजून बाकी आहेत. कोकणातल्या घरात राहिल्यामुळे काहींच्या चकतीवर पांढरी बुरशी आहे, तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेड घाण होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. म्हणून आधी आयसोप्रोपाइलने पुसायची, सुकू द्यायची, आणि मग ग्रीझविझल ह्या फ्लॉपी वाचायच्या बोर्डाने कच्चं फ्लक्स (चकतीवरचे चुंबकीय ठसे जसेच्या तसे) उतरवून घ्यायचं, खराब सेक्टरशी नंतर निवांत भांडता येतं. लगोरीच्या आधीच्या आवृत्त्या त्यातच आहेत. २०२३ ला आलेला, कराटेका ह्या जॉर्डन मेक्नरच्या जुन्या गेमवरचा संग्रह ज्यांनी खेळलाय त्यांना कळेल मला त्या कशाला हव्यात, त्यात मेक्नरचा आधीचा न छापलेला डेथबाउन्ससुद्धा खेळता येतो आणि मला तो भाग मुख्य गेमपेक्षा जास्त आवडला. तेवढ्यासाठी ग्राफ पेपरवर काढलेले मुंगसाचे चौकोनही स्कॅन करून टाकणार आहे.

आता मदत हवीय. कुणाकडे चालू ४८६ असेल, कुठलाही, तर क्यूबेसिकमध्ये एक ते एक लाख रिकामा लूप फिरवा, आधी-नंतर टायमर प्रिंट करा, आणि प्रोसेसरचं नाव, आकडा दोन्ही कळवा. लूपचं व्हेरिएबल लाँग (पूर्णांक) ठेवा, साधं ठेवलं तर ते सिंगल (दशांशवालं) धरलं जातं आणि वेळ भलताच येतो. टर्बो बटण असेल तर दाबून आणि न दाबता, दोन्ही आकडे द्या.