अस्तराच्या ब्लाउजमधली माया

आठ वर्षांपूर्वी एका दुकानातून शिवून घेतलेले खणाचे ब्लाउज मागच्या महिन्यात सैल करायला बसले. शिवून आले तेव्हा आतून एकही सुटा धागा दिसत नव्हता आणि त्या सफाईचे मी चारचौघींत कौतुकही केले होते. उसवल्यावर मात्र कळले की बाजूच्या शिवणीत जेमतेम दोन सूत (पाव इंच) माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, ठेवलेली होती, त्यामुळे सैल करण्याचा प्रश्नच उरला नाही. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की अस्तराच्या ब्लाउजमध्ये गळा आणि खांदा खुशाल आत बंद करावेत, पण बाजूची शिवण अशी असावी की ती नीटनेटकी दिसेल आणि गरज पडली तर उसवताही येईल.

कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण कापला की कडेचे धागे लगेच सुटू लागतात, म्हणून या कापडाला अस्तर हवेच. ते सुती घ्यावे, कापण्यापूर्वी काही तास पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे आणि इस्त्री करावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटते आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. टक्स (आकारासाठी घातलेल्या चिमट्या) वरच्या कापडाला आणि अस्तराला वेगवेगळे घालावेत व एकमेकांच्या उलट दिशेला दाबावेत, म्हणजे छातीवर चार पदरांची जाड रेघ उमटत नाही.

पुढच्या व मागच्या प्रत्येक भागाचे कापड आणि अस्तर सुलट बाजू आत ठेवून गळ्याला व दोन्ही बाजूंना शिवावे. खांदा, मुंढा (बाही जोडायची गोलाई) आणि खालची कड उघडी ठेवावी. गळ्याच्या गोलाईत शिवणीच्या दोऱ्याला धक्का न लावता जवळजवळ कात्रे द्यावेत. त्यानंतर शिवणीची माया अस्तराकडे वळवून अस्तरावर शिवणीलगत एक दाबशिलाई मारावी. घाईत सगळेजण हीच पायरी गाळतात आणि मग गळ्यातून अस्तर का डोकावते, असे विचारत बसतात.

खांद्याची युक्ती मला समजायला दोन जुनी ब्लाउजे खर्ची पडली. पुढचे दोन्ही भाग सुलट करून घ्यायचे, मागचा भाग मात्र उलटाच ठेवायचा. मागच्या भागाच्या कापड आणि अस्तर या दोन पदरांमध्ये पुढचा खांदा अशा रीतीने सरकवायचा की कापडाला कापड आणि अस्तराला अस्तर भिडेल. मग चारही पदरांवरून एकच शिवण घालायची. दोन्ही खांदे झाल्यावर मागचा भाग सुलट केला की खांद्याची शिवण आत कायमची झाकली जाते. इथे सैल करण्याची वेळ सहसा येत नाही, त्यामुळे ती कोंडली गेली तरी बिघडत नाही.

बाजूंना मी सव्वा इंच माया ठेवते. बाजूची कड अस्तराबरोबर आधीच बंद झालेली असल्यामुळे इंटरलॉक (धागे सुटू नयेत म्हणून कडेला मारायची शिलाई) करावे लागत नाही आणि मायेचे कापड आत मोकळे राहूनही त्याचे धागे निघत नाहीत. बाहीलाही तसेच अस्तर लावून घ्यावे. खालची कड आणि बाहीचा काठ बाजू जोडण्यापूर्वीच दुमडून हाताने शिवावेत. अस्तर खालून एक सूत आखूड ठेवावे. बाही मुंढ्याला सपाट असतानाच जोडावी आणि तिथल्या उघड्या कडेवर अस्तराच्याच कापडाची सव्वा इंची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी चढवावी. उभ्या धाग्यात कापलेली पट्टी गोलाईवर बसत नाही, कारण ती ताणली जात नाही.

बाहीच्या काठापासून कमरेपर्यंत जाणारी बाजूची शिवण अगदी शेवटी घालायची. तिच्या बाहेर, मायेत, दोन दोन सुतांच्या अंतरावर आणखी दोन शिवणी मारून ठेवल्या की पुढे सैल करताना फक्त आतली शिवण उसवावी लागते आणि बाकी कशालाही हात लावावा लागत नाही. काखेत मात्र दोन्हीकडच्या उरेब पट्ट्या समोरासमोर येतात आणि तिथे जाडी फार होते. म्हणून तेवढ्यापुरती अकरा नंबरची सुई काढून चौदाची जाड सुई लावते आणि ते दोन इंच पायाने न चालवता मशीनचे चाक हाताने फिरवून टाका टाका पुढे नेते.